शेरा

माझ्या नोंदवहीला निळा पुठ्ठा आहे.
तारीख, वेळ, दाब, दिशा, वेग,
आणि शेवटी, समासाला खेटून,
बोटभर रुंदीचा रकाना : शेरा.
एकोणीस वर्षांत तिथे मी
'ढगाळ' याच्यापलीकडे फारसं लिहिलेलं नाही.

वादळ आलं ते धावत आलं नाही.
बाजारात नुसताच भाव विचारत फिरणाऱ्या गिऱ्हाइकासारखं
बेटावर रेंगाळलं तीन दिवस.
पाऊस : एकतीस इंच.
पॅतित सूसचा पूल गेला.
डोंगर सुटला, जायफळाची झाडं
उभीच्या उभी घेऊन खाली उतरला.
माझी बहीण अर्नेस्टीन. तिच्या परसातलं अळू गेलं,
मग परस, मग मागची भिंत.
ती आणि मुलं चर्चच्या माळ्यावर होती.
कोंबड्या नव्हत्या.

वाऱ्याचा वेग मात्र : एकसष्ट नॉट.

चौथ्या दिवशी राजधानीतून फोन,
अर्थखात्याच्या युडोक्सीबाई.
आधी कधी बोललो नव्हतो आम्ही;
वारा मोजणाऱ्याला कोण फोन करतं?
आवाज बसलेला. म्हणाल्या,
रोख्यांच्या करारात कलम नऊ आहे,
तीन वर्षं भांडून घालून घेतलंय,
परदेशी थंडीत, उसन्या कोटात.
संकट आलं तर दोन वर्षं हप्ता थांबेल.
आणि संकट म्हणजे काय, तेही लिहिलंय :
चौसष्ट नॉट, सलग एक मिनिट,
तुमच्या केंद्रावर.

आणि पाऊस? मी विचारलं.

पावसाचं कलम महाग पडत होतं.

मग बराच वेळ दोघंही गप्प.
'तुमच्या यंत्राचा काटा...' त्या म्हणाल्या,
आणि वाक्य तिथेच ठेवलं,
दारात टोपली ठेवून कुणी निघून जावं तसं.

तीन नॉट.
दोरीवरचा सदरा जरा जास्त फडफडेल, इतकंच.
गरम कोको फुंकताना मीही एवढा वारा घालत असेन.
एकाच्या आकड्याला दोन रेघा जोडल्या
की चार होतो.
दोन रेघांत एक पूल,
दवाखान्याचं छप्पर,
अर्नेस्टीनची भिंत.

माणसं वाऱ्यावर सोडली, असं म्हणतात.
आम्हांला वाऱ्यावरही सोडता येईना.
वारा कमी पडला.

पेन उघडलं. बंद केलं.
खिडकीतून धक्का दिसतो,
उरलेल्या सात होड्या दिसतात.
पहाटे चारला त्यातला एखादा मला विचारतो, किती?
मी सांगतो तो आकडा घेऊन
माणूस समुद्रात जातो.
माझ्याकडे विकायला दुसरं काही नाही,
आणि हेही मी कधी विकलेलं नाही.

एकसष्ट लिहिलं.
आणि मग शेऱ्यात लिहायला लागलो.
बारीक अक्षरात, बोटभर जागेत :
पूल. भिंत. अळू.
शाळेतला पियानो, रस्त्याच्या मधोमध, पाय वर.
रकाना संपला, समासात शिरलो,
समास संपला, उद्याच्या तारखेत,
परवाच्या दाबात, दिशेत,
अजून न वाहिलेल्या वाऱ्याच्या जागेत.
सावकारांच्या गावी पानं जातात
तेव्हा कडा कापल्या जातात, ठाऊक आहे मला.

रात्री मीच फोन लावला.
म्हटलं, बाई, एकसष्ट.
पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.
म्हटलं, पण शेरा मोठा झालाय.

वाचा, त्या म्हणाल्या.

वाचत गेलो. दोनदा त्यांनी थांबवलं :
जरा हळू, लिहून घेतेय.
कलम नऊच्या खाली जागा आहे का, मी विचारलं नाही.
पुढे? त्या म्हणाल्या.
जायफळाची झाडं, मी म्हणालो.
किती?

अजून मोजतोय.