काळी एकच्या खाली

तीन तबकड्यांचा संच, मधली हरवलेली.
कोराडीला मशीन जोडायला आलेल्या जर्मन फिटरनं
परत जाताना बाबांना दिला होता:
खोक्यावर निळं तळं, एक बंद खिडकी,
आणि एवढे लांब शब्द
की वाचताना मध्ये पाणी प्यावं लागेल.

बाबा वीज मंडळात लाइन इन्स्पेक्टर.
मोहननगरच्या दोन खोल्यांत पहिल्यांदा वाजवला तो जानेवारीत,
संत्र्याची सालं बशीत तशीच.
बाई तरातरा गात आली.
शेजारच्या कुमुदताई ताजने मुलींना पेटी शिकवत.
त्यांनी भिंतीपलीकडूनच सूर चाचपला आणि ओरडल्या,
"काळी दोन!"

मग मे आला.
खिडक्यांना वाळ्याचे ताटे, गल्लीभर कूलर.
रात्री नऊला बल्ब गुळाच्या रंगाचा व्हायचा
आणि तबकडी पाय ओढत फिरायची.
बाई पांढरी दोनवर. साडेनऊला काळी एक.
पायऱ्या उतरत उतरत तिचा आवाज
पुरुषाच्या आवाजाशेजारी जाऊन बसायचा,
आणि तो पुरुष, बिचारा, पार विहिरीत.

गोष्ट कुणालाच माहीत नव्हती.
बाबा ती व्होल्टेज बघून सांगत.
थंडीत: "दूधवाल्यासंगं भांडून राह्यली. पाण्याचा हिशेब मागते."
उन्हाळ्यात तीच बाजू, तीच खाच:
"हिचा माणूस गेला वो. तिले अजून कोनं सांगतलं नाही."
आईचं लाटणं थांबायचं.
फक्त मे महिन्यात.

पहाटे कूलर बंद होत, लाइन चढायची.
एकदा बाबांना झोप येईना,
आवाज बारीक करून लावली.
पांढरी तीन. जवळजवळ हसतच होती.
"आता?" मी अंथरुणातून विचारलं.
"आता तिचं लगन व्हाचं आहे. नीज."

"पण मूळ कोणती, मेंढेसाहेब?"
भात्यावर हात ठेवून कुमुदताईंनी विचारलं होतं एकदा,
"रचणाऱ्यानं काही एक पट्टी धरली असेलच ना?"
बाबा पोह्यावर तर्री ओतत होते.
"मूळ म्हंजे काय बाई.
लाइन जशी येईल तशी."

शहाण्णव साली पहिल्या पगारातून
मी स्टॅबिलायझर आणला.
ऐन मे. नऊ वाजले, साडेनऊ,
गल्ली घरघरत होती,
आणि बाई काळी दोनवरून हलेना.
सुरेल, वेळेवर, जर्मन.
बाबांनी एक बाजू पूर्ण ऐकली,
खुर्चीच्या काठावर, पाहुण्यांकडे बसावं तसं.
"बरी झाली वाट्टे आता," म्हणाले,
चष्मा पुसला, आणि बाहेर जाऊन
खांबावरचा फ्यूज बघत उभे राहिले,
जो गेलेला नव्हता.

पुढे भाची जर्मन शिकली. तिनं ऐकलं.
"मामा, काही विशेष नाहीये हो यात.
ती मोलकरणीला सांगतेय, खिडकी लाव,
तळ्यावरून गार हवा येते आहे."

गार हवा.
बाबा तोवर गेले होते.
नाहीतर मे महिन्यात सांगितलं असतं.

परवा ताजन्यांचं घर विकलं.
कुमुदताईंच्या लेकीनं मला एक वही आणून दिली,
तुमचंच काहीतरी आहे म्हणाली.
अलंकार, पलटे, कुणाची फी बाकी,
आणि मागच्या पानांवर नुसत्या तारखा.
पाच जानेवारी, काळी दोन.
दोन एप्रिल, काळी दोन, जरा उतरलेली.
सतरा मे, रात्री पावणेदहा:
काळी एकच्या खाली, पांढरी एकच्या वर.
पेटीत नाही.
भाता चालू ठेवून तशीच बसले.