इतर (तपशील नमूद करा)

दुपारी अडीचला आल्या निरंजनाबाई गुरनुले,
खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कागदांच्या गुंडाळ्या.
सिंदेवाहीच्या माझ्या सेवा केंद्रात
या वेळी सर्व्हर जरा श्वास घेतो,
सातबाऱ्याची गर्दी जेवायला गेलेली असते.

"नोंदणी करायची आहे जी. लायसन्सची.
नाही केली तर काम बंद करा म्हणतात."

नाव. आधार. फोटो पन्नास केबीच्या आत.
ओटीपीसाठी त्या रस्त्यापलीकडं गेल्या,
रेंज कडुनिंबाखालीच मिळते.
मग व्यवसाय. यादी उघडली:
मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक, पुनर्वसन सहायक.
खाली सरकत गेलो, परत वर आलो.
चित्रातून उपचार करणारं माणूस
सरकारला अजून भेटलेलं नाही.

"इतर" निवडलं. लगेच एक चौकट आली:
तपशील नमूद करा, पन्नास अक्षरांत.
बाई हसल्या. "लिही,
लोकं कोळसा धरतात, मी बसून राहते.
किती झाली अक्षरं?"
मोजली. बसत होती.
तरी मी "कला उपचार" एवढंच टाइप केलं.

म्हटलं, कायले पाहिजे बाई हे सगळं?
तुमच्याकडं येणारे का नंबर पाहून येतात?

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "नागभीडच्या त्या सोनेरी काठवाल्याले
नंबर असता, तर मी तक्रार केली असती.
नंबरच नाही, तर खोडायचं काय?"

सोनेरी काठ त्याच्या सर्टिफिकेटला आहे.
दोन दिवसांचं शिबिर, लॅमिनेशन, वरून हार.
आमच्या गावच्या सभेत त्यानं माइकवर
एका माणसाला उभं केलं होतं,
तेंदूपत्त्याच्या दिवसांत ज्याची बायको वाघानं नेली.
"सांग सगळ्यांले, तू झाडावर काहून चढला?
बोललं का मोकळं वाटते."
तो माणूस त्यानंतर पाच महिने बोलला नाही.

तो माझा बाप.
बाईंना ते माहीत आहे,
आणि त्यांना माहीत आहे हे मला.
आम्ही दोघंही स्क्रीनकडं पाहत राहिलो.

पुढचं पान: कामाचे नमुने जोडा, किमान एक.
शेजारी लाल तारा, म्हणजे सुटका नाही.

दर गुरुवारी बाप जातो
ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या खोलीत.
पावणेदोन वर्षं झाली. काय काढतो, घरी सांगत नाही.
गवत? ते झाड?
आईचं लुगडं हिरवं होतं, कोळशात हिरवं कसं येणार?
स्कॅनरचं झाकण मी आधीच उघडून ठेवलं होतं.
"एक द्या, कोणतंही. नाव झाकून टाकतो."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली,
बंद आवळले.
"हे माझं नाही जी."
"मग अर्ज पुढं जाणार नाही."
"नाही गेला तर नाही."

दारात कुणीतरी जातीच्या दाखल्यासाठी खाकरलं.
शेवटी त्यांनी माझ्याच प्रिंटरमधला
एक कोरा कागद ओढून काचेवर ठेवला.
"हा पहिल्या दिवसाचा नमुना. सगळ्यांचा असाच असते."
फाइल चढली, एकशे बारा केबी पांढरं.
यंत्राला ते चाललं.

पावती निघाली. स्थिती: प्रलंबित.
तीस रुपये मी घेत नव्हतो,
त्यांनी मोजून टेबलावर ठेवले, सुटे,
आणि त्याचीही पावती मागितली.

संध्याकाळी बाप चुलीपुढं बसला होता,
उजव्या अंगठ्याच्या नखात काळं.
चुलीचंही असू शकते.
मी ताट घेतलं, विचारलं,
वरणात मीठ टाकलं का?
"टाकलं," तो म्हणाला. "तू चाखून पाय."