मावशीकडे

सातपूरहून अंबडला जायला
माझ्या स्प्लेंडरला पंधरा मिनिटं लागतात.
कागदांना दीड महिना लागला.

बदली नव्हे, म्हणाल्या शेवाळे मॅडम,
इथं राजीनामा द्या, तिथं रुजू व्हा.
मालक एकच. भगिनी कंपनी.
म्हणजे नात्यानं माझी मावशी, मी म्हणालो.
त्या हसल्या नाहीत.
'ग्रॅच्युइटी सलग धरतील,' म्हणाल्या, 'बहुतेक.'

त्या बहुतेकवर
एकोणीस वर्षं ठेवून मी सही केली.

टोकन चारशे अठरा जमा. बूट जमा.
बेंडकुळेनं लॉकरची किल्ली मागितली
आणि उगाच बराच वेळ हातात खेळवली.

एकतीस तारखेला सहाला सुटलो,
एक तारखेला सातला हजर व्हायचं.
मधल्या रात्री मी कुणाचाच नव्हतो.
पपया नर्सरीपाशी गाडी लावून
पाच-दहा रुपयांचे गरम शेंगदाणे खाल्ले.
मोकळं वगैरे काही वाटलं नाही,
थंडी मात्र वाजली.

अंबडच्या गेटवर तेच बोधचिन्ह,
कँटीनला तीच पातळ आमटी,
आणि पाठीवर 'नवीन माणूस' अशी नजर.
गायधनी साहेब म्हणाले,
'सातपूरचा माल आलाय. डोळ्यांत तेल घालून बघा,
तिकडचे लोक काहीही पास करतात.'

खोका फोडला.
वरच्याच बुशवर हिरवं स्टिकर,
तपासणीस ४१८,
खाली माझी लफ्फेदार सही.

व्हर्नियर घेतला.
गायधनी बघत होते.
मी तो तीनदा मोजला.