पन्हळ रुंद होते तिथे

उत्तरेकडे, हिवाळ्यात नदी चालण्याइतकी घट्ट होते त्या गावात
होकार द्यायला कुणी ‘हो’ म्हणत नाही.
ओठ मिटल्यासारखे करून श्वास आत ओढतात,
सूप्,
दाराच्या फटीतून वारा शिरावा तसा.
सिक्स्टेनकडून तो ऐकायला
मला दोन हिवाळे लागले.

चौदा जोड्या रुळांच्या, एका ओळीत.
पहिली पत्र्याला नुसती ओळख दाखवते.
दुसरी कडा उचलते, बोटभर.
मग प्रत्येक जोडी आधीचीचं ऐकून घेऊन
थोडं पुढचं सांगते,
आणि शेवटी सपाट पत्रा पन्हळ होऊन बाहेर पडतो:
एक तळ, दोन भिंती.
मोडेन पण वाकणार नाही, असलं काही तो म्हणत नाही.
वाकतो. आणि पाठ फिरवली की
जरासा मागे येतो.
नव्वद अंशांचा काटकोन हवा तर
चौऱ्याण्णवपर्यंत न्यावं लागतं.

इथवर सोपं.

पण ट्रकच्या कण्याला सगळीकडे सारखी रुंदी नको असते.
मधे, ओझ्याखाली, ऐसपैस,
टोकांना अंग चोरून.
म्हणून आमचे रूळ जागचे हलतात,
भरल्या बाकावर आणखी कुणी आलं
की सरून बसावं तसे.

रुंदी वाढू लागते तिथे भिंतीची कड ताणली जाते.
ते ती सोसते, पोलाद आहे.
रुंदी गाठून पुन्हा सरळ चालायचं असतं
तिथे मात्र तिला आखडावं लागतं.
जास्तीचं अंग कुठे ठेवावं
हे न कळून ती चुणी घालते.

सत्तावीस तुळया भंगारात गेल्या त्या आठवड्यात.
हेडविगच्या पडद्यावर ती चुणी
आधीच लाल होऊन बसली होती,
त्याच जागी, बोटाच्या पेराइतकीही चूक नाही.
‘वळण लांबवलं तर सुटेल,’ ती म्हणाली,
‘पण नकाशात जागा नाही.
भोकं आधीच पाडलेली आहेत.’
मग तिने चष्मा काढला आणि नुसतीच पुसत राहिली.

सिक्स्टेनने हातमोजा काढला.
कडेवरून अंगठा फिरवला, नख लावून,
चुणीपाशी थांबला.
मग एका दमात बोलला, त्याच्या मानाने पुष्कळ:
‘आई कोटांना बाह्या लावायची.
बाहीचा घेर मोठा, खांद्याचं भोक लहान.
उरलेलं कापड ती एका टाक्यात जिरवत नसे.
प्रत्येक टाक्यात केसभर.
खांद्यावर चुणी दिसली
तर गिऱ्हाईक आमच्याच वाटेने परत यायचं.’

हेडविगने चष्मा घातला.
बाराव्या जोडीवर टाकलेलं सगळं आखडणं
सातवीपासून वाटून दिलं, केसकेसभर,
आणि भिंतीला बाहेरून टेकण म्हणून
एक लहान उभा रूळ बसवला.
पहिल्या रात्री पत्रा तिरका सुटला.
दुसऱ्या रात्री चुणी गेली आणि तळ फुगला.
तिसऱ्या रात्री मी झोपलो होतो,
खोटं कशाला सांगू.

चौथ्या रात्री, तीनच्या सुमाराला
एक तुळई हळूहळू बाहेर आली.
पोलादी पट्टी टेकवली
तर खालून उजेडाची एक रेघ दिसली,
नकाशाला चालेल एवढी.
हेडविग काही बोलली नाही, त्याच्याकडे बघत राहिली.

अंगठा निघाला, अरुंद बाजूकडून.
वळणावर किंचित अडखळला,
मला वाटलं, गेलं.
मग पुढे सरकला, पार टोकापर्यंत,
आणि त्याने श्वास आत ओढला.

कॉफी ओतायला तो निघूनही गेला.
मी तुळईवर खडूने आकडा घातला: अठ्ठावीस.
बाहेर उणे एकतीस होतं.
मोडीच्या रेषेवर हात ठेवला,
अजून कोमट होती.