पाच नंबरची घंटा

हेरफर्डच्या अलीकडे, सफरचंदांच्या बागांत रुतलेलं गाव.
दर मंगळवारी साडेसातला
मी चर्चच्या मनोऱ्याच्या एकोणसाठ पायऱ्या चढते,
दोन्ही गुडघ्यांची वेगवेगळी समजूत काढत.

शिकवते ब्रॉनी प्रॉसर. वय सतरा.
नखं हिरवी, दप्तरात उद्याची रसायनशास्त्राची परीक्षा.
मी सहासष्ट. त्यातली एकतीस वर्षं
औषधांच्या दुकानात गोळ्या मोजण्यात गेली.
"मिसेस गोलप," ती म्हणते (घोलपमधला घ तिला कधीच सापडत नाही),
"दोर ओढणं कुणालाही जमतं.
सोडायचा कधी, ते शिका."

पहिल्या महिन्यात मी सोडला नाही.
टाचा फरशीपासून वीतभर उचलल्या गेल्या, जीभ चावली,
आणि वर अंधारात साडेचारशे किलोंचं कांसं
माझ्याशिवायच बोलून मोकळं झालं.

इथे गाणं वाजवत नाहीत. आकडे वाजवतात.

१ २ ३ ४ ५ ६
२ १ ४ ३ ६ ५
२ ४ १ ६ ३ ५

दर ओळीला फार तर एक घर सरकायचं,
वाजून गेलेली ओळ पुन्हा आणायची नाही,
कागद बघायचा नाही.
डेरेक, निवृत्त खाटीक, एकोणऐंशीचा,
अजून तिसऱ्या ओळीत चुकतो
आणि स्वतःला शिवी देतो,
देवाच्या घरात आहोत म्हणून अर्धीच.

पुतण्या फोनवर म्हणाला,
"काकू, या वयात हे शिकून काय मिळणार? घंटा!"
"हो," म्हटलं, "पाच नंबरची."

अण्णा बार्शीला शाळेत शिपाई होते.
लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, हातात लोखंडी कांब.
टोला देऊन दुसऱ्यांच्या पोरांचा गणिताचा तास सुरू करायचे
आणि स्वतः खिडकीखाली उभे राहायचे.
पावकी, निमकी, पाऊणकी,
सगळी भिंतीच्या बाहेरून पाठ.
एकदा दिडकी ऐकताना असे रमले
की मधल्या सुट्टीचा टोला द्यायचाच राहिला.
हेडमास्तरांनी पगारातले आठ आणे कापले.
"एका दिडकीपायी आठ आणे,"
सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे.

रात्री स्वयंपाकघरात
दुकानाच्या जुन्या साठावहीत मी ओळी लिहिते,
आणि पाचापासून पाचापर्यंत निळ्या पेनानं रेघ ओढते.
घाट उतरते ती, पुन्हा चढते,
मध्येच एका जागी दोनदा थबकते,
किल्ली विसरलेल्या माणसासारखी.
एकदा रेघ पानाच्या कडेला पोचली
आणि पुढच्या पानावर आकड्यांऐवजी शब्द आले.
चारच ओळी.
लग्नानंतरच्या पहिल्या.
वर पाहिलं तर दूध उतू जाऊन शेगडी विझली होती.

डेरेक सांगतो, आठ घंटांच्या सगळ्या ओळी
वाजवायच्या तर अठरा तास.
बारा घंटांच्या? न झोपता, न जेवता, तीस वर्षांच्या वर.
"म्हणजे कुणाचंच शिकून व्हायचं नाही?"
"नाही ना!" तो म्हणाला,
लॉटरी लागल्यासारखा, रुमालात नाक शिंकरत.

काल माझी जागा चुकली.
सहा दोर, सहा जोड्या हात, सगळं एकमेकांत,
डोळ्यांना काही लागेना.
ब्रॉनीनं नुसती हनुवटी हलवली. मी डोळे मिटले.
चौथीनंतर एक फट होती,
दाराची असते तेवढी.
खिडकीची म्हणू.
मी तिच्यातून पाच नंबर आत सोडला.

मग कुणी थांबायला तयार नव्हतं.
खाली उतरलो तेव्हा दहा वाजत आले होते,
ब्रॉनीची आई गाडीत ताटकळलेली,
डेरेकचा चहा थर्मासमध्ये तसाच.
मधली सुट्टी द्यायची
सगळेच विसरलो होतो.