विषय क्रमांक चार

पहिली वही निळ्या पुठ्ठ्याची, सन सत्तावन्न.
चोवीस गाळे, तेवीस सह्या आणि एक अंगठा:
चंद्राबाई निगवेकर, गुऱ्हाळाच्या मालकीण.
भागाचे पैसे सगळ्यांच्या आधी त्यांचेच आले.

नकाशा इंगवल्यांच्या पोराचा. मुंबईत शिकून आलेला.
कौल नको म्हणाला, कमान नको,
दारावर गणपतीचा कोनाडासुद्धा नको.
सपाट गच्ची, सिमेंटच्या आडव्या पट्ट्या, जिन्याला जाळी,
आणि अख्खी इमारत खांबांवर,
खालून वारं जावं म्हणून.

वारं गेलं की नाही, नोंद नाही.
महिन्याभरात म्हशी मात्र आल्या.
टाकाळ्याचा गवळी पहाटे खांबाला दावं बांधायचा,
बिऱ्हाडं चरव्या घेऊन उभी, जागेवर धार.
इंगवल्यांचं निषेधाचं पत्र वहीत डकवलंय, अर्धंच.
समासात कुणाच्या तरी अक्षरात:
'साहेबांनी दोन पेले घेतले.'

ठराव सतरा: दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतं
हे कोणी विचारू नये.
सूचक आदगोंडा मगदूम, अनुमोदक नूरुद्दीन शिकलगार.
मंजूर. एक तटस्थ.
रविवारी तांबड्या रश्श्याचा वास तिसऱ्या मजल्यावर चढला
की मगदूम उठून खिडकी लावायचे,
पण तक्रार अशी एकही नाही.
खिडकीचं वहीत नाही. ते त्यांच्या सुनेला ठाऊक.
ती मी.

सदुसष्टच्या डिसेंबरात पहाटे कोयनेचा हादरा.
सगळे समोरच्या माळावर, वाकळा पांघरून,
इमारतीकडे बघत, जणू आता ती चालू लागेल.
पाय होतेच तिला.
जिन्याचा कठडा तेवढा तडकला;
शिकलगारांनी उद्यमनगरात नवा ओतला
आणि बिलाच्या रकान्यात रेघ मारली.

आणि दर सभेला, न चुकता, विषय क्रमांक चार: गळती.
डांबर झालं, ताडपत्री झाली.
'चुन्यात गूळ कालवा की,' चंद्राबाई म्हणाल्या.
इंगवले हसले.
एकाहत्तर साली गूळ कालवला.
दोन पावसाळे छत कोरडं,
मुंग्यांची रांग मात्र गच्चीपासून थेट माझ्या साखरेच्या डब्यापर्यंत.
मी तेव्हा नवी नवरी. कुणाला बोलणार?

आता बिल्डरचं जाड पाकीट आलंय.
अकरा मजले, लिफ्ट, खाली गाड्या.
खांब त्यालाही हवेतच.
सोळा सह्या झाल्या. शिकलगारांच्या नातवाची झाली.
माझी गुडघ्यांनी कधीच केलीय,
हातानं अजून नाही.

सभा रविवारी. विषयपत्रिका मलाच लिहायची,
चिटणीस व्हायला दुसरं कोणी तयार नाही.
एक, मागील इतिवृत्त वाचून कायम करणे.
दोन, हिशोब.
तीन, पुनर्विकास.
चारवर पेन थांबलं. वर बघितलं,
पंख्याच्या हुकापाशी तोच जुना डाग,
यंदा थोडा राधानगरीच्या बाजूला सरकलेला.
लिहिलं: गळती.
मागील सभेवरून पुढे.