बांध कोणाचा

मेढ्याच्या शिंप्यानं विचारलं होतं,
मंडप कुणाच्या लग्नाचा?
म्हटलं, शीड शिवायचंय.
त्यानं टेप गळ्यातच ठेवली
आणि चहा सांगितला,
आजारी माणसासाठी सांगतात तसा.

अठरा फूट लांब, साडेपाच रुंद.
एवढ्यात मी, स्टोव्ह, नाचणीच्या पिठाचा डबा,
कंदील, एक उशी, ब्लडप्रेशरच्या गोळ्या.
ताठ उभं राहायचं तर बाहेर यावं लागतं.
तीस वर्षं भाऊच्या धक्क्यावर ओझी वाहिली,
तिथं दाभोळच्या हसन तांडेलानं शिकवलं:
वाऱ्याशी भांडू नको, त्याला थोडी जागा दे.
सून म्हणते, आबा, घरात खोली आहे की.
आहे.
पण खोली हलत नाही.

बामणोलीचे लाँचवाले मला बघून हॉर्न मारतात.
तलाठी म्हणाला, यादीला पत्ता द्या.
मी बोट खाली दाखवलं.
सर्व्हे नंबर सत्तावीस, हिस्सा दोन,
मौजे कारवंडी,
सध्या चाळीस हात पाण्याखाली.

तिथंच नांगर टाकतो.
बापही तिथंच नांगर धरायचा.
त्याचा लाकडी, बैलांच्या मागं;
माझा लोखंडी, चार नखांचा, दोराच्या टोकाला.
वारसाहक्कानं एवढा शब्द आला.

वरच्या अंगाला हिस्सा तीन, भिवाकाकाचा.
मधे दगडी बांध.
त्या बांधापायी अकरा वर्षं
कुणी कुणाकडं विस्तव मागितला नाही.
साताऱ्याला तारखा,
एकाच एसटीनं जायचे दोघं,
तोंडं खिडकीबाहेर.
निकालाच्या आधी पाणी आलं.
मोजणीदार न बोलावता
दोघांचं सारखंच घेतलं त्यानं.

आश्विनातली रात्र होती.
वासोट्याकडून आधी ओल्या दगडाचा वास आला,
मग काहीच नाही,
मग दावं तोडून बैल यावा तसा वारा.
शीड गुंडाळलेलं होतं, तरी डोलकाठी
थंडीतल्या दातांसारखी वाजत राहिली.
गोड्या पाण्याची लाट आखूड असते,
समुद्रासारखा दम घेऊ देत नाही.
पातेल्यानं पाणी उपसत होतो
आणि मोठमोठ्यानं शिव्या देत होतो,
कुणाला, ते आठवत नाही.

दोर हातात घेतला तेव्हा कळलं,
नांगर घसरतोय.
थरथर वर येत होती दोरातून तळहातात.
खाली बापाच्या शेतात तास पडत होतं,
साठ वर्षांनी पहिलं,
आणि बैलाच्या जागी मी होतो.
मागं कातळ. विजेत दिसला
तेव्हा पन्नास पावलांवर,
पुढच्या विजेत वीस.

मग दोर ताठ झाला.
बोट वळली, वाऱ्याकडं तोंड केलं
आणि थांबली.

सकाळी पाणी असं,
जणू रात्री घरातच होतं.
सोंडेचं टोक आणि देवराईतला ऐनाचा शेंडा
एका रेषेत धरून अंदाज घेतला.
दोनदा घेतला.
हिस्सा दोनमध्ये नव्हतोच मी.

भिवाकाकाचा बाळकू तिकडं सोलापूर जिल्ह्यात,
पुनर्वसनाच्या माळावर.
मोबाईलला दोन रेघा आल्या तेव्हा लावला.
म्हटलं, तुमच्या बांधानं वाचवलं रात्री.
पलीकडं बराच वेळ नुसत्या कोंबड्या.
मग म्हणाला, म्हणजे कबूल? बांध आमचा?
म्हटलं, कबूल.
म्हणाला, लेखी दे.
आणि हसायला लागला, खोकला येईपर्यंत.
खोकला थांबल्यावर आवाज बारीक करून,
शेजारी कुणी ऐकेल अशा बेतानं, विचारलं:
अजून उभा आहे रे तो?

म्हटलं, थांब,
दोराला हात लावून बघतो.